नानी, नाणी, न्हाणी

६ जानेवारी

एका ओळीचं काम होतं. दिवस गेला.

दुपारी नत्थुजी दुकानात आले. माजी नगरसेवक, आणि गेल्या आठवड्यापासून महाल समितीचे अध्यक्ष. अचलपूरच्या बाहेर नदीकाठी काळ्या दगडाचा पडका महाल आहे, तो ‘क’ वर्ग पर्यटनस्थळ म्हणून मंजूर झाला. मंजूर झाला म्हणून निधी आला. निधी आला म्हणून समिती झाली. समिती झाली म्हणून आता बोर्ड पाहिजे — वर महालाचं नाव, खाली इतिहास.

“लिही,” म्हणाले, “नानी महाल.”

मी विचारलं, कोणती नानी?

“कोणती म्हंजे? नानी म्हंजे नानी. आंग धुवाची.”

म्हणजे न्हाणी. आपल्याकडे ण चा न होतो आणि ह वाटेत कुठेतरी पडतो. मी ‘न्हाणी महाल’ असं टाईप करून दाखवलं. ते स्क्रीनकडे पाहत राहिले. “एवढं जड कोन वाचन बे?”

बंडूभाऊ — आमच्या फ्लेक्सच्या दुकानाचे मालक — म्हणाले, “राहू द्या. आमच्या इथं शुद्धलेखन फुकट हाय. साऱ्या परतवाड्यात बिनचूक मराठी लिहिणारा एकच पोट्टा, अन् त्याचं नाव सरफराज. काय जमाना आला पाहा.” हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. मी प्रत्येक वेळी हसतो.

नत्थुजींना सांगितलं नाही की मी तिथेच राहतो. महालात नव्हे, त्याच्या भिंतीला टेकून दोन खोल्या आहेत त्यांत. आजोबा बार्शीटाकळीहून इकडे कामाला आले, तेव्हापासून. आता मी आणि अम्मी. आमच्या पत्त्यात फक्त ‘नदीकाठ’ आहे, त्यामुळे महालाचं नाव लिहायची वेळ कधी आली नव्हती. लिहायची वेळ आली आणि तीन तास गेले.

८ जानेवारी

उपाध्यक्ष प्रूफ बघायला आले. इनायतुल्ला साहेब, लाकडाच्या वखारीवाले. ते नवाबाच्या खानदानातले आहेत. कोणत्या नवाबाच्या, हे दर वेळी बदलतं.

“ये क्या है मियाँ? न्हाणी? बाथरूम?”

मी उच्चाराचं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. “नानी महल. नवाब साहब ने अपनी नानी के लिए बनवाया. बचपन से सुन रहे हैं.”

ते खरं आहे. सगळे बचपन से तेच ऐकत आहेत. म्हटलं, साहेब, आत हौद आहे, भिंतीत खापराचे नळ आहेत.

“तो? नानी नहाती नहीं थी क्या?”

मी प्रूफ गुंडाळून ठेवलं.

१० जानेवारी

समितीची पाहणी. बंडूभाऊंनी मला खुर्च्या मांडायला पाठवलं, म्हणजे मी माझ्याच अंगणात खुर्च्या मांडायला गेलो.

अमरावतीहून भावना मॅडम आल्या. कॉलेजात इतिहास शिकवतात, नाण्यांवर पीएच.डी. आहे, समितीत तज्ज्ञ म्हणून घेतलं आहे. नत्थुजींची न्हाणी आणि इनायतुल्ला साहेबांची नानी दोन्ही ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, “दोन्ही अपभ्रंश. मूळ शब्द नाणी. ही टांकसाळ होती. तो ह मागाहून घुसलेला आहे.” मला विचारायचं होतं की ह कधी घुसला. पण मी खुर्च्यांसाठी गेलो होतो.

मग त्यांना मातीत एक नाणं सापडलं. गोल, पितळी, मधोमध छिद्र. “दुर्मिळ,” म्हणाल्या आणि रुमालात बांधून घेतलं. तो आमच्या स्टोव्हच्या पंपाचा वायसर आहे. मंगळवारपासून शोधत होतो. मागायला तोंड उघडलं तोवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नत्थुजींनी भुयारही दाखवलं. “डायरेक्ट गाविलगडच्या किल्ल्यात निंगते.” ती मोरी आहे. मी लहानपणी बकरीच्या मागे तिच्यात शिरलो होतो. मागच्या ओढ्यात निघालो.

हौदाजवळ माणसाच्या लांबीचा एक काळा गुळगुळीत दगड आहे. त्याच्यावर नत्थुजींची राणी दुधाने आंघोळ करत असे. इनायतुल्ला साहेबांची नानी त्याच्यावर बसून पान लावत असे. मॅडमच्या मते त्याच्यावर नाणी ठोकत. अम्मी त्याच्यावर शेवया वाळवते. हे चौथं मत कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात अम्मी बाहेर आली आणि खुर्चीवर चढलेली बकरी हाकलली. नत्थुजींनी दोरीवरचे कपडे बघितले, मग मला बघितलं. “अबे, तू इथं राहतो? बोलला नाई मंग.”

मॅडम म्हणाल्या, “हे अतिक्रमण आधी काढावं लागेल. टांकसाळीच्या भिंतीला चूल टेकवलीय.”

“राणीच्या न्हाणीले,” नत्थुजी म्हणाले.

“नानी के महल को,” इनायतुल्ला साहेब म्हणाले.

११ जानेवारी

समितीचा पहिला ठराव एकमताने झाला. आम्हाला काढायचं.

१३ जानेवारी

नोटीस टाईप व्हायला आमच्याच दुकानात आली. नत्थुजींच्या अक्षरात. ‘अतीक्रमण’ होतं, ते ‘अतिक्रमण’ केलं. ‘सौ. नइमा’ होतं, ते ‘श्रीमती नईमा’ केलं — अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. ‘दहा फेब्रूवारी पर्यंत’ मधला रू ऱ्हस्व केला आणि ‘पर्यंत’ जोडून घेतलं. समासाची जागा सारखी केली. छान दिसत होती.

बंडूभाऊंनी वाचली. “येड्या, चुका राहू देतल्या असत्या तं वकिलाले कामी पडल्या असत्या न.”

मला हे सुचलंच नव्हतं. चूक दिसली की हात आपोआप जातो.

१४ जानेवारी

नोटीस आणि तिळगूळ एकदमच घरी आले. नत्थुजींचा माणूस घेऊन आला. आधी सही घेतली, मग म्हणाला, गोड बोला.

मी अम्मीला अजून सांगितलं नव्हतं. आज-उद्या करत होतो. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. पूर्ण ऐकली.

“मेरा नाम बराबर लिक्खा?”

हो, म्हटलं. ई दीर्घ.

तिळगुळाचा तुकडा तिने बकरीला दिला आणि बुरखा घालून निघून गेली. अचलपुरात एक मय्यत होती.

हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. आमच्यात बाई वारली की तिला बायकाच न्हाऊ घालतात. गुस्ल म्हणतात. कोणत्याही बाईला येत नाही — किती वेळा, कोणती बाजू आधी, पाण्यात काय घालायचं, पडदा कसा धरायचा. अम्मीला येतं. दादीला येत होतं, दादीनेच शिकवलं. अचलपूर आणि परतवाड्यात कुणाच्याही घरी तसं झालं की आधी अम्मीला बोलावणं येतं. लग्नाचं बोलावणं मात्र विसरतात. मुद्दाम नाही. विसरतात.

घरी आली की आधी आंघोळ करते, मग चहा. तोपर्यंत आपण बोलायचं नाही.

१८ जानेवारी

परतवाड्यात खोल्या बघितल्या. पहिल्या घरमालकिणीने विचारलं, आई काय करते?

म्हटलं, न्हाऊ घालते.

“बाळंतिनीले?”

मी खरं सांगितलं. खोली कालच दिली गेली होती.

दुसऱ्या ठिकाणी मोहल्ला आपलाच होता. तिथे तर विचारावंच लागलं नाही, अम्मीला ओळखत होते. फार आदराने बसवलं. पाणी दिलं. म्हणाले, आपा की तो हम बहुत इज्जत करते हैं, मगर घर में छोटे बच्चे हैं.

तिसऱ्या ठिकाणी गेलो नाही.

२१ जानेवारी

बोर्डाची तडजोड झाली. तिन्ही नावं टाकायची: ‘न्हाणी (नाणी/नानी) महाल’. मग कोणाचं कंसाबाहेर, यावर पुन्हा भांडण. इतिहासातही तिन्ही मतं — राणी दूध, नवाब नानी, टांकसाळ. नत्थुजींनी राणी आपल्याच घराण्यातली होती असं घालायला सांगितलं. मी विचारलं, नाव काय होतं? ते म्हणाले, “टाक तुले आवडन ते.”

मला बी.ए. च्या दुसऱ्या वर्षाला इतिहासातच कमी पडले होते. त्यातच कॉलेज सुटलं. आता समजतं की मी नावं पाठ करत होतो, तीच चूक झाली.

स्टोव्ह अजून हवा धरत नाही. वायसर अमरावतीला आहे.

२४ जानेवारी

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

नत्थुजींच्या मुलीचं, दामिनीचं, लग्न ठरलं आहे. आजकाल लग्नाआधी नवरा-नवरीचे फोटो काढतात, ते महालात काढायचे ठरले. त्याने पर्यटनाची जाहिरातही होईल असं नत्थुजींचं म्हणणं. फोटोग्राफर आमच्या अचलपूरचाच हसनैन. नवरदेव पुण्यात कंपनीत आहे. मला परावर्तक धरायला बोलावलं होतं — तो चंदेरी पडदा, उजेड चेहऱ्यावर पाडायचा असतो.

आधी कमानीत फोटो झाले. मग हौदाजवळ. मग हसनैन म्हणाला, राणीची न्हाणी आहे तर राणी झोपलेली घेऊ. काळ्या दगडावर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. दामिनी त्याच्यावर आडवी झाली, पिवळ्या साडीत, केस खाली सोडून. नवरदेवाने तांब्या तिरपा धरून उभं राहायचं. दामिनी म्हणाली, दगड लय गार हाय, लवकर घ्या.

अम्मी खोलीच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. सूप बाजूला ठेवून आली. आवाज चढवला नाही.

“उठ वं माय. नवरीनं इथं नाई झोपत.”

“काहून मावशी?”

“इथं बेगमाईले न्हाऊ घालत.”

दामिनी हसली. “मंग तेच तं घेऊन राहिलो न मावशी.”

“जित्या बेगमाईले नाई वं.”

हसनैनने कॅमेरा खाली केला. गेल्या वर्षी त्याच्या दादीला अम्मीनेच न्हाऊ घातलं होतं. नवरदेवाला समजलं नाही, तो अजून तांब्या धरूनच होता. “म्हणजे नेमकं काय?” त्याने मला विचारलं. मी सांगितलं. त्याने तांब्या खाली ठेवला, मग खिशातून सॅनिटायझर काढून हात चोळले, मग तांब्यालाही लावलं.

दामिनी उठून उभी होती. पाठीला पाकळ्या चिकटल्या होत्या. कोणी काढेना. शेवटी अम्मीनेच पुढे होऊन एकेक करून काढल्या, पदर नीट केला आणि म्हणाली, “काई नाई होत बाई. जा घरी, डोक्यावरून पानी घे.”

सगळे गेल्यावर मी अम्मीला विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं? ती तांदूळ निवडत होती. “तूने पूछा कब?”

खरं आहे. मी ह बद्दल सगळ्या परतवाड्याला विचारलं, घरात विचारलं नाही.

२५ जानेवारी

एका दिवसात सगळीकडे.

सकाळी नत्थुजी. दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, आत आले नाहीत. दामिनीला तिच्या आईने दोनदा न्हाऊ घातलं, मीठ-मिरच्या उतरवल्या. “ते राणीचं काढून टाक. आमच्या घराण्यातली नवतीच ते. असन कोनाची.”

दुपारी इनायतुल्ला साहेब. “मियाँ, नानी वाला हटा दो. हमारी नानी का इंतकाल तो बुऱ्हाणपूर में हुआ था.” म्हटलं, साहेब, आपण नवाबाच्या नानीबद्दल लिहिलं होतं. “उनका भी.”

संध्याकाळी मॅडमचा फोन. टांकसाळ बाळापूरला असावी असं त्यांना आता वाटतं. मी वायसरचं बोलणार होतो, पण त्यांचा फोन कट झाला.

काल तिघांना महाल पाहिजे होता. आज तिघेही तो दुसऱ्याच्या अंगणात लोटत आहेत. आणि ज्या कामामुळे आम्हाला खोली मिळत नव्हती —

पुढचं लिहीत नाही. अजून नोटीस आहे.

एक शंका. शेवया. अम्मीला विचारायचं राहून गेलं.

३० जानेवारी

समितीची बैठक दुकानातच झाली, कारण महालात यायला कोणी तयार नव्हतं. निधी परत जाऊ द्यायचा नाही, यावर एकमत. बस स्टँडमागच्या मोकळ्या जागेत बगीचा करायचा. सिमेंटची दोन हरणं, एक डायनासोर, म्हाताऱ्यांसाठी बाकडी. नाव — नाना-नानी पार्क.

इनायतुल्ला साहेब म्हणाले, “चलो, नानी तो रह गई.”

जाताना नत्थुजी माझ्याजवळ थांबले. मी खिशात घेऊन फिरत होतो ती नोटीस मागून घेतली, चार तुकडे केले, पण दुकानात टाकले नाहीत, खिशात ठेवले. “तुमी राहा तिथंच. कोनी तं पायजे न तिथं. अन् हे पाय, बोर्डाचा लोखंडी सांगाडा बनून गेला हाय. तूच लिही काय लिहाचं ते. जे हाय ते लिही.”

घरी येऊन अम्मीला सांगितलं. तिने ऐकलं आणि बकरीला पाणी दाखवायला गेली. बराच वेळ आली नाही. मी बघायला गेलो तर भिंतीला हात लावून उभी होती.

४ फेब्रुवारी

पाच वेळा लिहिलं. अम्मीला विचारलं, अजून काही आठवतं का? कोणती बेगम, कोणतं साल? “तुझेच अच्छा लिखना आता है,” म्हणाली. म्हणून जेवढं तिने सांगितलं तेवढंच घेतलं. साल घातलं नाही. नाव घातलं नाही. दूध नाही, भुयार नाही. शेवटचा मजकूर असा:

‘न्हाणी महाल. न्हाणी म्हणजे स्नानाची जागा. राजघराण्यातील स्त्रियांना येथील शिळेवर अखेरचे स्नान घातले जात असे. मृतांना स्नान घालण्याचे काम करणारे एक कुटुंब आजही येथे राहते. कृपया शांतता राखावी.’

चौथ्या वाक्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आणि सरकारी बोर्डावर जे आजही राहतात, ते अतिक्रमण कसे असतील?

बंडूभाऊंनी वाचलं. काही थट्टा केली नाही. म्हणाले, “मायचं नाव टाकतं का?” मी नको म्हटलं. मग वाटलं, टाकायला हवं होतं.

‘शिळा’ आणि ‘स्नान’ कोशात बघून घेतले.

१२ फेब्रुवारी

बोर्ड लागला. उद्घाटन नाही, हार नाही. दोन मजूर आले, खड्डा केला, गेले.

पण लोक येतात. दुरून वाचतात. चपला काढतात. हळू बोलतात. आज एका बाईने दगडापाशी उदबत्ती लावली आणि अम्मीला वाकून नमस्कार केला. पहिल्या घरमालकिणीची बहीण होती. मॅडमनेही फोन केला — त्या आता ‘वऱ्हाडातील अंत्यस्नान-वास्तू’ यावर निबंध वाचणार आहेत, बोर्डाचा फोटो पाठव म्हणाल्या. पाठवला. वायसर त्यांनी संग्रहालयाला दिला आहे.

दामिनीच्या लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर ‘नईमा मावशी’. ई दीर्घ.

२३ फेब्रुवारी

रमजान आठवड्यावर आला. सकाळी अम्मीने काळा दगड घासून धुतला, चादर टाकली आणि शेवया पसरल्या.

मी विचारलं, अम्मी, जिथे मय्यत ठेवत होते तिथे शेवया? हे तुला सांगितलं कोणी होतं? दादीने?

ती शेवया सारख्या करत राहिली. “पत्थर का मुझे क्या मालूम बेटा. नोटीस का मालूम था.”

मग मला कावळे हाकलायला बसवून आत गेली.

बोर्ड समोरच आहे. बसल्या बसल्या पुन्हा वाचला, पहिल्या अक्षरापासून. एकही चूक नाही.